झिजलेला पाऊस

सरांना कुठलीही गोष्ट पुन्हा सांगा म्हटलं की ते म्हणायचे, “नको. झिजेल.”

एकदा स्टाफरूममध्ये त्यांनी असा काही किस्सा सांगितला की आमच्या कडक प्राचार्यांच्याही डोळ्यांत हसून पाणी आलं. मी नेमकी तेव्हा चहा सांगायला बाहेर गेले होते. परत आले तर सगळे पोट धरून बसलेले. मी म्हटलं, “सर, मलाही सांगा ना.” सरांनी डबा उघडला, पोळीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, “तुमचा चुकला. आता झिजेल तो.” पुढे वीसेक वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले, पण तो किस्सा काय होता ते मला आजतागायत कळलेलं नाही. ज्यांनी ऐकला त्यांना धड सांगता येत नाही, आणि ज्यांना येतो ते सांगत नाहीत.

ठाण्यात टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत आमचं छोटंसं कला महाविद्यालय होतं. मी अक्षरलेखन शिकवायचे आणि सर छापचित्रं. म्हणजे धातूच्या प्लेटवर चित्र कोरायचं, त्यात शाई भरायची आणि प्रेसमधून ते कागदावर उतरवायचं. तळमजल्यावरची शेवटची, ओल आलेली खोली त्यांची. तिथे एक जुना लोखंडी प्रेस होता. त्याचं चाक फिरवायला खरं तर दोन माणसं लागायची, पण सर एकटेच फिरवायचे आणि मग दिवसभर खांदा चोळत बसायचे. नवरात्रात नाक्यावर ढोल सुरू झाले की खोलीच्या काचा थरथरायच्या. सर मुलांना म्हणायचे, “आज सुया खाली ठेवा. रेघ हलेल.” मुलांना तेवढंच हवं असायचं.

पैशाच्या बाबतीत सर चिकट नव्हते. त्यांची चिकटाई वेगळीच होती. जे जे चांगलं, ते ते जपून वापरायचं. चांगला शर्ट कपाटात आणि बाही विरलेला अंगावर. सकाळी एकदा नमस्कार झाला की मग जिन्यात दहादा समोर आलात तरी ओळख दाखवायचे नाहीत. विद्यार्थ्याला दोन वर्षांत एकदाच ‘चांगलं आहे’ म्हणायचे. ते कधी म्हणाले, कुठे उभे राहून म्हणाले, हे मुलं पुढे आपल्या मुलाबाळांना सांगत असतील. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, मला एकदा म्हणाल्या होत्या, “लग्न झालं त्या वर्षी म्हणाले, ही साडी तुला शोभते. म्हणून पुढच्या सणाला मुद्दाम तीच नेसले. काही बोलेचनात. विचारलं तर म्हणे, सांगितलंय की एकदा.”

वहिनी पालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या. उभा जन्म उकळत्या पाण्यात सुया-कात्र्या टाकण्यात गेला. त्यामुळे डोंबिवलीतल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात धुळीला बसायला जागा नसायची. तांब्याची त्यांना विशेष आवड. पाण्याचा हंडा, तांब्या, देवाची पळी, ताम्हन, सगळं चिंच आणि मीठ लावून काथ्यानं घासलेलं. त्यांच्या हंड्यात तोंड पाहून मी एकदा टिकली सरळ केली होती.

याच घरातल्या हॉलमध्ये, पंख्याचा वारा लागणार नाही अशा भिंतीवर, सरांचं एकुलतं एक धन टांगलेलं होतं. दीड पोस्टकार्डाएवढं एक परदेशी छापचित्र, एकोणिसाव्या शतकातलं. सरांना ते त्यांच्या गुरूंनी दिलं होतं आणि गुरूंना ते रद्दीत घेतलेल्या एका जाड पुस्तकाच्या पानांत सापडलं होतं. काढणाऱ्याचं नाव कुठे नाही, कडा कुणीतरी कापलेल्या. चित्रात एक मोकळा रस्ता आणि त्यावर वादळात सापडलेली पाच-सहा माणसं. एका बाईनं टोपी डोक्यावर दाबून धरली आहे. एका माणसाची छत्री उलटी झाली आहे. एक जण घोड्याचा लगाम ओढतोय आणि घोडा जागचा हलत नाही. एक पोर आईच्या झग्यात शिरलेलं. सगळी माणसं कमरेत वाकलेली, डोळे मिटलेली.

फक्त चित्रात पाऊस नव्हता.

पहिल्यांदा ते चित्र पाहिलं तेव्हा मला वाटलं, माझ्या चष्म्याचा नंबर वाढला. नीट पाहिल्यावर कुठे कुठे केसाहून बारीक, राखाडी, तिरप्या रेघा दिसल्या. बाकी आकाश कोरं, रस्ता कोरडा. वहिनींनी तर लग्न होऊन घरात पाऊल टाकल्यावर विचारलं होतं, “ही सगळी माणसं पोटात दुखल्यासारखी का वाकलीत?”

सर दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला वर्षातून एकदाच ते चित्र दाखवायचे. पिशवीत दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, छातीशी धरून डोंबिवलीहून आणायचे. मुलांनी आधी साबणानं हात धुवायचे, पुसायचे आणि तोंडाला रुमाल लावून टेबलाभोवती उभं राहायचं.

“याला ड्रायपॉइंट म्हणतात,” सर सांगायचे. “ॲसिड नाही, काही नाही. तांब्यावर सरळ सुईनं ओरखडा काढायचा. नांगर चालला की तासाच्या कडेला माती वर येते ना, तसं रेघेच्या कडेला तांबं वर येतं. ती त्याची लव.”

‘लव’ म्हटल्यावर मागे खसखस पिकायचीच. ती पिकून संपेपर्यंत सर थांबायचे.

“ही लव शाई धरते. म्हणून रेघ मखमलीसारखी उमटते. पण प्रेसचा दाब पडला की लव चेपते. दर छापाला थोडी थोडी. बारीक रेघा आधी जातात, खोल टिकतात. पहिल्या काही कागदांना सगळं मिळतं, पुढच्यांना उरलंसुरलं. मी याच प्लेटचा एक सुरुवातीचा छाप एका पुस्तकात पाहिलाय. काय पाऊस होता त्यात! रस्ता दिसत नव्हता. हा आपला फार उशिराचा.” मग पुठ्ठा मिटता मिटता म्हणायचे, “यातला पाऊस पहिल्या लोकांनी नेला. आपल्या वाट्याला माणसं आली.”

आंबिवलीहून येणारी एक मुलगी होती आमच्याकडे. चाळीत राहणारी, आई शिवणकाम करणारी. तिच्या जिभेला हाड नव्हतं. तिनं रुमालाआडून विचारलं, “सर, एवढं काय घाबरायचं? बघून बघून पण झिजतं का?”

“कागद नाही झिजत,” सर म्हणाले. “बघणं झिजतं.”

त्या मुलीनं आपल्या प्लेटवर आईची शिलाई मशीन कोरली होती. इतकी सुरेख, की सर तिच्या बाकाजवळून जाताना पावलं हळू टाकायचे. परीक्षेसाठी त्यातला एक उत्तम छाप द्यायचा होता. बाईसाहेबांनी दोन दिवस प्रेसला लागून वर्गातल्या प्रत्येकाला एक, शिपायाला एक, मला एक आणि चाळीतल्या एकूण एक घराला एक असे छाप काढले. परीक्षेच्या दिवशी काढायला गेली तर मशीन राखाडी, धाग्याचं तर नावच नाही. सर संतापले.

“अक्कल आहे का तुला? आधी परीक्षेचा काढायचा, एवढंही कळू नये?”

“अहो सर, पण सगळ्यांनी मागितलं ना! आमच्या चाळीत एकीला दिला आणि दुसरीला नाही दिला तर चालतं का? तुम्ही येऊन बघा एकदा. घराघरात लागलाय, बुद्धाच्या तसबिरीच्या खाली.”

तिला कमी गुण मिळाले आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. सरांना मात्र वाटत राहिलं. त्या संध्याकाळी ते प्रेसचं चाक नुसतंच, कागद न घालता, पुढे-मागे फिरवत बसले होते.

आभाळ भरलं की सरांचा वर्गावरचा ताबा सुटायचा. नेहमीचा पावसाळी पाऊस त्यांना नको असायचा. “त्याला माणसं तयार असतात,” म्हणायचे. त्यांना हवं असायचं अवेळी आलेलं, कुणाच्या ध्यानीमनी नसलेलं. वैशाखात दुपारी आकाश पिवळं पडलं की ते अर्ध्या वाक्यावर खडू ठेवायचे, बारा महिने जवळ असणारी छत्री उचलायचे आणि माजिवड्याच्या नाक्यावर जायचे. तिथे सगळ्या बाजूंनी रस्ते येतात, वारा अडत नाही आणि माणसांना पळायला जागा नसते. सर दुभाजकावर उभे राहून बघायचे. छत्री कधीही उघडायचे नाहीत. “वारा लागला की माणूस खरा दिसतो,” एवढंच एकदा म्हणाले होते. अर्थातच पुन्हा म्हणाले नाहीत.

अशाच एका दुपारी मीही त्यांच्याबरोबर रिक्षात होते. मला पुढे दाताच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. माजिवड्याला पोचतो न पोचतो तोच धूळ उठली. समोरचं काही दिसेना. मागोमाग टपोरे थेंब आणि गारा. मी एका दुकानाच्या पत्र्याखाली शिरले. रस्त्यावर नुसती धांदल. एक मोटारसायकलवाला हेल्मेट काढून बायकोच्या डोक्यावर धरत होता. मासळीची पाटी खाली ठेवून एक म्हातारी कोळीण पाटीवरच आडवी झाली होती. आणि या सगळ्यांच्या मध्ये, बसथांब्याजवळ, वहिनी. त्या दिवशी त्या ठाण्याला खरेदीसाठी आल्या होत्या आणि सरांना तिथे भेटणार होत्या. एका हातात बोचकं, दुसऱ्या हातानं सुटलेला पदर धरलेला, केस तोंडावर आलेले, आणि सर दिसताच त्यांनी जो आवाज लावला तो गारांतूनही मला ऐकू आला.

“अहो! छत्री आहे ना हातात? उघडा की! डोकं फुटेल माझं! अहो, मी बोलतेय!”

सर बंद छत्री हातात घेऊन त्यांच्याकडे बघत होते. वहिनी ओरडत होत्या आणि सर बघत होते. शेवटी वहिनीच रस्ता ओलांडून आल्या, त्यांच्या हातातून छत्री ओढून घेतली, उघडली आणि वाऱ्यानं ती तत्क्षणी उलटी केली. त्यानंतर पंधरा दिवस सरांच्या डब्यात फक्त पोळी आणि लोणचं होतं.

पण त्या दुपारीच सरांना त्यांचं चित्र मिळालं. त्यांनी मोठी तांब्याची प्लेट आणली आणि घरी कोरायला बसले. माजिवड्याचा नाका, हेल्मेटवाला, कोळीण, दहा-बारा माणसं आणि मधोमध पदर धरून तोंड उघडलेली बाई. पाऊस सगळ्यात शेवटी. एकेक थेंब, एकेक गार, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ‘लव मोडू न देता’. नोकरी सांभाळून, खांदा दुखत असताना, रविवारी दोन तास. पंधरा-सोळा वर्षं चाललं होतं ते. मधूनच बोटानं थोडी काळी शाई चोळायचे, पुसून रेघ कशी दिसते ते बघायचे आणि जुन्या सदऱ्यात गुंडाळून प्लेट कपाटात ठेवायचे. छाप मात्र एकही काढला नाही. अंदाज घ्यायलासुद्धा नाही. मला एकदा प्लेट दाखवली. काळपट, तेलकट तांबं. त्यांनी माझं बोट धरून आडवं फिरवलं. बोटाला बारीक खरखर लागली, आठ दिवसांच्या दाढीवरून फिरवावं तशी.

“हा पाऊस आहे,” सर म्हणाले. “अख्खा. अजून कुणीच नेला नाही.”

मी म्हटलं, “मग काढा की छाप.”

“काढायचा. योग्य वेळ येऊ दे.”

अशा वेळा येत नसतात हे मला पन्नाशीच्या आतच कळलं होतं. पण सरांना सांगून काही उपयोग नव्हता. स्टाफरूममध्ये हळूहळू लोक म्हणायला लागले की सरांचं स्वतःचं असं कामच नाही, नुसत्या गप्पा. एक तरुण शिक्षक तर त्यांच्या तोंडावर म्हणाला, “सर, तुमचं मास्टरपीस कपाटाला तरी आवडलं का?” सर हसले. मला त्या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

सर निवृत्त होणार त्या वर्षी कॉलेजनं छापचित्रांचा वर्गही बंद करायचं ठरवलं. खोलीत कॉम्प्युटर येणार होते. तेव्हा ती आंबिवलीची मुलगी धावून आली. एव्हाना ती कल्याणच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होती. तिनं जुनी मुलं गोळा केली आणि सरांच्या समोर येऊन बसली.

“सर, प्रेस भंगारात जायच्या आधी तुमची प्लेट छापायची. सगळ्यांसमोर. आता नाही म्हणू नका हां. आमची पोरं मोठी झाली राव, अजून किती थांबायचं?”

सर दोन दिवसांनी ‘हो’ म्हणाले. मला वाटतं, त्या दोन दिवसांत ते झोपले नसावेत. या कागदावर त्यांचं सगळं आयुष्य उतरणार होतं. ज्यांनी त्यांना रिकामा माणूस म्हटलं, ते सगळे तिथे असणार होते.

कार्यक्रमाच्या दिवशी खोलीत उभं राहायला जागा नव्हती. सरांनी कपाटातला चांगला शर्ट घातला होता. कागद भिजवून ठेवलेला, शाई मळलेली. वहिनी काठापदराची साडी नेसून, अंबाड्यावर गजरा माळून पुढे उभ्या होत्या. हातात नव्या टॉवेलात गुंडाळलेली प्लेट. सकाळच्या गडबडीत ती त्यांनीच घेतली होती.

सरांनी टॉवेल उघडला आणि खोलीत लख्ख उजेड पडला.

हंडा चमकावा तशी प्लेट चमकत होती. वहिनींनी अभिमानानं सगळ्यांकडे पाहिलं. “काल दुपारभर घासली,” त्या मला म्हणाल्या. “एवढ्या लोकांसमोर ती काळीकुट्ट कशी न्यायची? चिंचेनं निघेना, मग चांगला काथ्या लावला. बघा, आरसा झालाय.”

चिंचेनं तांब्याला काही होत नाही. काथ्यानं होतं. सरांनी प्लेटवरून बोट आडवं फिरवलं. मग उभं फिरवलं. मग पुन्हा आडवं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचं टाळलं, आणि तरी पाहिलंच. काही दिसलं नाही. एक वयस्कर माणूस आपल्या प्लेटवरून बोट फिरवत होता, एवढंच.

“छान झालीय,” ते वहिनींना म्हणाले.

मग त्यांनी शाई भरली, जाळीच्या कापडानं पुसली, तळहातानं पुसली. कागद ठेवला, त्यावर घोंगडी अंथरली, चाक फिरवलं. घोंगडी उचलून कागद सोलून काढला तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. माजिवड्याच्या नाक्यावर दहा-बारा माणसं कमरेत वाकून, डोळे मिटून उभी होती. वर आकाश स्वच्छ होतं. पावसाच्या जागी फिकट, तुटक ओरखडे. लोक म्हणाले, वा, काय मोकळी जागा सोडली आहे! तो तरुण शिक्षक तर अमूर्ततेवर बोलायला लागला.

आंबिवलीच्या मुलीनं एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि ती पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेली.

वहिनींनी चित्र डोळ्यांजवळ नेलं. “ही मधली बाई कोण हो? एवढं तोंड उघडून कुणाशी भांडतेय?”

“असेल कुणीतरी रस्त्यावरची,” सर म्हणाले.

त्या दिवशी ज्यानं ज्यानं मागितला त्याला सरांनी छाप काढून दिला. शिपायाला, त्या तरुण शिक्षकाला, मुलांच्या मुलांना. मी म्हटलं, “सर, पुरे. खांदा जाईल.” ते माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, “घेऊ दे हो. आता झिजायचं काय राहिलंय?”

माझ्याकडचा छाप मी भिंतीला लावलेला नाही. कपाटात आहे. लावण्याचा धीर होत नाही.

वहिनींनी प्लेट चौकटीत घालून हॉलमध्ये लावली, त्या परदेशी चित्राच्या शेजारी. आल्यागेल्याला हाताला धरून दाखवायच्या. “सोळा वर्षं कपाटात काळी पडली होती. मी घासली म्हणून जगानं पाहिली.” सर तेव्हा पेपर वर धरायचे. मी पाच-सहा वेळा तरी हे ऐकलं असेन, शेजाऱ्यांनी शंभरदा. निवृत्तीनंतर सर थकत गेले. डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला कंप. नवी प्लेट आणायचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही.

आणि मग गेल्या श्रावणात, मी सत्यनारायणाच्या प्रसादाला गेले असताना, वहिनींचे माहेरचे पाहुणे आले होते. वहिनींनी त्यांना प्लेटसमोर उभं केलं आणि सुरू केलं, “सोळा वर्षं काळी पडली होती, मी घासली म्हणून—”

“घासलीस म्हणून गेली ती,” सर म्हणाले.

आवाज चढवून नाही. कुणी वेळ विचारल्यावर सांगावी तसं. पण एकदा बोलायला लागल्यावर त्यांना थांबता आलं नाही. लव म्हणजे काय, काथ्यानं काय झालं, त्या दिवशी लोकांनी टाळ्या कशाला वाजवल्या, सगळं सांगितलं. पाहुणे प्रसादाच्या वाटीत बघत राहिले. वहिनी ऐकून घेऊन आत गेल्या. चहा करून आणला, सगळ्यांना दिला, सरांच्या चहात साखर कमी घातली आहे असं सांगितलं. त्या दिवसानंतर त्यांनी घरातल्या एकाही तांब्याच्या भांड्याला हात लावला नाही.

सरांचा मला फोन आला, भाद्रपदात. “अहो, हंडा काळा पडलाय.”

“मग?”

“पळीपण. ताम्हनपण. देवाला तशाच पळीनं पाणी घालते ही. बोलते नीट, जेवायला वाढते. पण घासत नाही. मी म्हटलं, बाई लावू, तर म्हणे, कशाला, बाईच्या हातून काही गेलं म्हणजे?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “मी बोलायला नको होतं. इतकी वर्षं नाही बोललो, तेवढं शेवटपर्यंत निभवायला हवं होतं.”

माझ्याही घरात न बोललेलं पुष्कळ आहे. मी म्हटलं, दिवाळीला येते.

दिवाळीच्या दोन दिवस आधी लाडू घेऊन गेले. हल्ली दोन मजले चढायचे म्हणजे माझे गुडघे रडतात. दार वहिनींनी उघडलं. हॉलमध्ये बसून त्या वाती वळत होत्या. स्वयंपाकघराच्या मागे, भांडी घासायच्या जागेतून खर्र खर्र आवाज येत होता.

“आठवडा झाला,” वहिनी वातीवरून नजर न काढता म्हणाल्या. “रोज एकेक भांडं घेऊन बसतात. हंडा केला, पट्टे पट्टे उठलेत त्यावर. ताम्हन केलं, मीठ तसंच राहिलं. मी काही बोलत नाही. हौस फिटू दे.”

मी मागे डोकावले. सर पाटावर बसले होते, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, वाटीत चिंचेचा कोळ. मांडीवर प्लेट होती. चौकट फोडून बाजूला ठेवलेली. ते मधल्या बाईवर काथ्या फिरवत होते.

मी परत वळून वहिनींना म्हटलं, “आज प्लेट घेतलीय.”

वाती खाली पडल्या. वहिनी दारात जाऊन उभ्या राहिल्या.

“ती नको. अहो, ती ठेवा. उरल्यासुरल्या रेघा आहेत, त्याही जातील.”

“जाऊ देत,” सर म्हणाले. हात थांबला नाही.

“सोळा वर्षं बसलात तिच्यावर!”

“बसलो. आणि आता तू तोंड फिरवून बसलीस. मग ही राखून मी काय करू? मला नाही जमत हे घासणं. मला काही जमत नाही तुझ्याशिवाय. हात दुखतो माझा.”

सरांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. मला तिथून जाता येईना आणि उभंही राहवेना.

मग वहिनी दाराच्या चौकटीला धरून, कण्हत, कशाबशा ओल्या फरशीवर खाली बसल्या. पदर खोचला. सरांच्या हातातून काथ्या काढून घेतला.

“असं मधेच घासतात होय? कडेकडेनं यायचं. सरका तिकडे. पाणी घाला.”

सरांनी तांब्या तिरपा केला. पाणी प्लेटवर कमी आणि वहिनींच्या साडीवर जास्त पडलं. त्या त्यांना त्यावरूनही बोलल्या. मी हॉलमध्ये येऊन पडलेल्या वाती गोळा केल्या, आणि आज आपल्याला चहा कुणी विचारणार नाही हे ओळखून स्वतःच गॅस लावला.